अर्ज गेला, उत्तर यायचंय: अमेरिकेतल्या कॉलेजांच्या निकालापर्यंतचे महिने कसे काढायचे

कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक अमेरिकी कॉलेजांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर, 'सबमिट' दाबलं की पडद्यावर रंगीत कपटे उडतात. पोरांना वाटतं, सुटलो एकदाचे. ज्युनिअर कॉलेजात शिकवता शिकवता गेली काही वर्षं मी अशा अर्जांसाठी शिफारसपत्रं लिहिते, गुणपत्रकं अपलोड करते. त्यामुळे कपटे उडाल्यानंतरचे चार-पाच महिने मला जवळून दिसतात. खरे घोळ याच काळात होतात. कुणाचं गुणपत्रक कॉलेजला पोचलेलंच नसतं आणि ते दीड महिना कुणी पाहिलेलं नसतं. कुणी दर आठवड्याला 'माझ्या अर्जाचं काय झालं' असा मेल पाठवत बसतो. कुणी बारावीचा अभ्यास गुंडाळून ठेवतो.

या काळात करायची कामं मोजकी आहेत. ती त्या त्या वेळी केली की उरलेला वेळ बारावीला देता येतो. हा लेख बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज केलेल्यांसाठी आहे. एमएसवाल्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

पहिला आठवडा: प्रत्येक कॉलेजचं पोर्टल उघडा

कॉमन ॲप म्हणजे फक्त टपालपेटी. पाकीट आत पडलं, एवढंच ते सांगतं. पुढचं सगळं त्या त्या कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर घडतं. अर्ज गेल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत पोर्टलचा मेल येतो. तो स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्समध्ये गेलाय का, ते बघा. आठवडाभरात आलाच नाही, तर कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला लिहा.

मग एक तक्ता करा. कॉलेजचं नाव, पोर्टलचा पत्ता, लॉगिन, अर्जाचा क्रमांक, काय पोचलं, काय राहिलं, निकालाचा अंदाजे दिवस आणि उत्तर द्यायची मुदत. तक्ता वहीत असो की एक्सेलमध्ये, एकाच जागी असू दे. (पासवर्ड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. निकाल तुमच्याआधी आत्याला कळतो.)

पोर्टलवर कागदपत्रांची यादी असते. पोचलेल्या कागदापुढे हिरवी खूण, न पोचलेल्यापुढे लाल फुली. मुदतीच्या दिवसांत कॉलेजांकडे कागदांचा डोंगर साचलेला असतो. आलेला कागद तुमच्या फाइलला जोडला जायला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात, त्यामुळे पहिल्या दहा दिवसांतल्या लाल फुलीला घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांनंतरही ती तशीच असेल, तर मात्र हलायचं.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत हा घोळ बहुतेक वेळा नावाचा असतो. मागे एका मुलीच्या पोर्टलवर सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांपुढे तीन आठवडे लाल फुली होती. गुण तर तिने पाठवले होते, पैसे कापले गेल्याची पावतीही होती. आम्ही दोघी सगळे कागद टेबलावर मांडून बसलो. बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. सॅटची नोंदणी पासपोर्टप्रमाणे केलेली, म्हणजे तिचं आणि वडिलांचं नाव मिळून पहिलं नाव. कॉमन ॲपवर मात्र तिने नुसतं नाव आणि आडनाव लिहिलेलं. शिवाय सॅटला एक ईमेल आणि अर्जाला दुसरा. तिकडच्या संगणकाने एका मुलीच्या दोन मुली करून ठेवल्या होत्या.

उपाय चार ओळींचा होता. अर्जाचा क्रमांक, जन्मतारीख, अर्जावरचं नाव, सॅटवरचं नाव, आणि 'या दोन्ही नोंदी माझ्याच आहेत, कृपया जोडाव्यात' एवढी विनंती. दोन दिवसांत फुली गेली. तुमच्या कागदांवर नाव दोन तऱ्हेने असेल तर फुलीची वाट न बघता हा मेल आधीच पाठवला तरी चालतो.

निकालाच्या तारखा आपल्या घड्याळात लिहून ठेवा

अर्जाच्या प्रकारावर तारीख ठरते. अर्ली डिसिजन (लवकरचा अर्ज, मिळाल्यास जाणं बंधनकारक) आणि अर्ली ॲक्शन (लवकरचा, पण बंधन नसलेला) यांची मुदत बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर. अर्ली डिसिजनचे निकाल साधारण डिसेंबरच्या मध्यावर येतात. अर्ली ॲक्शनचे काही तेव्हाच, काही जानेवारीत किंवा त्यानंतर. अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते, तिचा निकाल फेब्रुवारीत. जानेवारीच्या सुरुवातीला मुदत असलेल्या नेहमीच्या फेरीचे निकाल मार्चमध्ये, बरेचसे शेवटच्या पंधरवड्यात. काही विद्यापीठांत रोलिंग पद्धत असते, म्हणजे अर्ज येईल तसा वाचतात आणि निकाल लावतात. तिथे मित्राचं उत्तर आलं आणि तुमचं नाही, याचा अर्थ काहीच काढू नका.

आता घड्याळ. अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेनऊ तास. तिकडे संध्याकाळी 7 ला लागणारा निकाल डिसेंबरमध्ये आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 ला दिसतो, आणि मार्चअखेरीस पहाटे 4:30 ला. एमआयटी तर नेहमीच्या फेरीचा निकाल 'पाय डे'ला, म्हणजे 14 मार्चला लावते (अमेरिकी पद्धतीने 3/14, आणि पायची किंमत 3.14). वेळ संध्याकाळी 6:28, कारण पायची दुप्पट 6.28. आपल्याकडे तेव्हा 15 मार्चची पहाट असते, 3:58.

मार्चच्या मध्यावर बारावीचा एखादा पेपर उरलेला असण्याची शक्यता असते. सकाळी पेपर असेल तर त्या पहाटे पोर्टल उघडू नका, असं मी स्पष्टच सांगते. निकाल दुपारीही तोच असतो, पेपर दुपारी नसतो.

तारखेआधी रोज पोर्टल बघण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवार म्हणा, आणि त्या दिवशी सगळी पोर्टलं आणि मेलचे सगळे कप्पे एकदा चाळा. निकाल आला की मेल येतोच. 'तुमच्याबद्दल आम्हाला उत्सुकता आहे', 'आमच्या परिसराची सफर करा' असे गोड मेल मात्र जाहिरातीचे असतात. त्यांत शुभसंकेत शोधू नका. माजी विद्यार्थ्यांकडून होणारी मुलाखतही तशीच. तुमच्या भागात मुलाखत घेणारं कुणी नसेल तर बोलावणं येत नाही, आणि बहुतेक कॉलेजं त्याचा तोटा धरत नाहीत.

कधी लिहायचं, कधी गप्प बसायचं

लिहायची कारणं तीनच. दोन आठवड्यांनंतरही कागद पोचलेला दिसत नाही. अर्जात तथ्याची चूक राहिलीय, म्हणजे विषय चुकला, गुण चुकले. किंवा खरोखर काही बदललंय: कॉलेज बदललं, विषय सोडला, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर काही मिळालं. निबंधात एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं, हे लिहायचं कारण नाही.

मेल विद्यार्थ्याने स्वतःच्या, अर्जात दिलेल्या पत्त्यावरूनच पाठवायचा. वडिलांच्या ऑफिसच्या मेलवरून आलेलं पत्र तिकडे फार बरं दिसत नाही. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि अर्जाचा क्रमांक. आत पाच-सहा वाक्यं. एकदा पाठवला की आठवडाभर थांबा. पाच जणांना एकदम पाठवला तर पाचही जणांना वाटतं, दुसरा कुणी उत्तर देईल.

आणि मामाच्या साहेबांचा मुलगा तिथे शिकतो, म्हणून त्याला कामाला लावू नका. निवड समितीपुढे त्याचं काही चालत नाही. त्याच्याकडून वसतिगृहाची, थंडीची माहिती घ्या, ती उपयोगाची आहे.

मधल्या सत्राचे गुण: इथेच बहुतेक जण अडकतात

अर्जासोबत गेले ते दहावीचे, अकरावीचे आणि फार तर बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण. बरीच कॉलेजं जानेवारी-फेब्रुवारीत 'मिड-इयर रिपोर्ट' मागतात, म्हणजे बारावीच्या मध्यापर्यंतचे गुण. ते तुम्ही पाठवायचे नसतात. ज्यांचं नाव काउन्सेलर म्हणून दिलंय, त्यांनी कॉमन ॲपवर चढवायचे असतात.

आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर हे पद नसतंच. उपप्राचार्य किंवा एखादी मॅडम ते काम अंगावर घेते. जानेवारीच्या अखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा लागतात, पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासायचे असतात, बाहेरून परीक्षक आलेले असतात. अशा वेळी 'मॅडम, तो रिपोर्ट...' असं जिन्यात गाठून सांगितलेलं लक्षात राहत नाही. माझ्याच राहिलं नव्हतं एकदा.

त्यामुळे डिसेंबरातच त्यांना एक कागद द्या. त्यावर कोणत्या कॉलेजला, कोणत्या तारखेपर्यंत, काय पाठवायचंय आणि पूर्वपरीक्षेचा निकाल कधी लागणार, एवढं लिहा. कॉमन ॲपकडून येणारा मेल त्यांच्या कोणत्या पत्त्यावर येतो, तेही लिहा, कारण तो पत्ता त्या रोज उघडत नसतील. तारखेच्या चार दिवस आधी एकदा आठवण करा आणि पाठवल्यावर दोन शब्दांचे आभार माना.

पूर्वपरीक्षेत आपल्याकडे पेपर कडक काढतात आणि गुण हात आखडून देतात. 68 टक्के पाहून तिकडचा वाचणारा दचकू शकतो. रिपोर्टसोबत शिक्षकांनी एक ओळ जोडली तर चित्र पालटतं: या परीक्षेत वर्गात सर्वाधिक किती गुण पडले आणि हा विद्यार्थी कितव्या क्रमांकावर आहे. ही ओळ लिहायची विनंती जरूर करा. गुण वाढवून लिहायची करू नका. मेमध्ये बोर्डाचा निकाल लागतो, आणि फरक डोळ्यांत भरतो.

बारावी सोडून देऊन चालत नाही, त्याचं कारणही हेच. प्रवेश मिळाल्याच्या पत्रात 'शेवटपर्यंत अशीच कामगिरी राहील, या अटीवर' असं वाक्य असतं. गुण फार घसरले तर जागा काढून घेतात. वागणुकीवरूनही घेतात: 2017 मध्ये हार्वर्डने किमान दहा जणांचे प्रवेश रद्द केले होते, कारण त्यांनी फेसबुकच्या एका खासगी गटात आक्षेपार्ह मीम टाकल्या होत्या.

इथले दरवाजेही उघडे ठेवा. जेईई मेनची सत्रं जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होतात, एमएचटी-सीईटीचा अर्ज भरायची मुदतही याच वाट पाहण्याच्या काळात येऊन जाते. 'तिकडचं होणारच आहे' म्हणत ती चुकवू नका.

पैशांची फाइल वेगळी

आर्थिक मदत मागितली असेल तर तिची स्वतंत्र यादी असते. सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा ऑनलाइन अर्ज), पालकांच्या उत्पन्नाचे कागद, आयकर विवरणपत्र, बँकेची स्टेटमेंटं. प्रवेशाच्या यादीत सगळं हिरवं आणि मदतीच्या यादीत दोन फुल्या, असं सर्रास दिसतं, कारण तो टॅब कुणी उघडलेलाच नसतो.

आता तुमच्या हातात नसलेली, पण समजून घ्यायची एक गोष्ट. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही मदत मागितली की नाही, हे निवडताना पाहत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी ते पाहिलं जातं. आणि अर्जात 'मदत नको' म्हटलं असेल, तर प्रवेशानंतर मागायची सोय अनेक कॉलेजं परदेशी मुलांना देत नाहीत. हे निकालानंतर कळण्यापेक्षा आत्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर वाचून घ्या.

पालकांसाठी काम: आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळवताना निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी, मंजूर झालेलं शैक्षणिक कर्ज चालतं. जमिनीचं आणि फ्लॅटचं मूल्यांकन सहसा चालत नाही, ते रोख पैसे नव्हेत. कर्ज काढायचं असेल तर बँकेत चौकशी फेब्रुवारीतच सुरू करा.

निकाल उघडल्यावर

मिळाला, तर पत्र शेवटपर्यंत वाचा. प्रवेश कधीपासून आहे, कोणत्या शाखेत, कोणत्या कॅम्पसवर? कधीकधी ऑगस्टऐवजी जानेवारीपासूनचा किंवा दुसऱ्या कॅम्पसवरचा प्रवेश असतो आणि आनंदाच्या भरात ती ओळ निसटते. अर्ली डिसिजनमध्ये मिळाला असेल तर तो बंधनकारक आहे. बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. मिळालेल्या मदतीत खरोखरच भागत नसेल, तर आधी त्याच कॉलेजच्या मदत कार्यालयाशी बोला. त्या कारणासाठी बंधनातून मोकळं करतात.

नाकारला, तर तिथला विषय संपला. अपील करून निर्णय बदलल्याचं मी पाहिलेलं नाही. तथ्याची मोठी चूक झाली असेल तरच त्या वाटेला जा. त्या दिवशी घरच्यांनी 'तरी मी सांगत होते' हे वाक्य गिळून टाकलं तर मुलावर उपकार होतील.

डिफर केला, म्हणजे अर्लीच्या अर्जाचा निर्णय नेहमीच्या फेरीवर ढकलला. आता मात्र पत्र लिहायचं. आधी कॉलेजच्या सूचना वाचा. काही ठिकाणी पोर्टलवरच फॉर्म असतो, काही जण 'काही पाठवू नका' असं सांगतात. तसं सांगितलं असेल तर खरंच पाठवू नका. पाठवायची मुभा असेल तर जानेवारीत, पूर्वपरीक्षेचे गुण हातात आल्यावर, एका पानाच्या आत लिहा. नवीन काय घडलं, ते सांगा: गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, हाती घेतलेलं काम. अर्जातलं पुन्हा सांगू नका. हे कॉलेज पहिली पसंती असेल आणि मिळाल्यास नक्की येणार असाल, तर तसं लिहा, पण एकाच कॉलेजला. एका मुलाने हेच वाक्य तीन ठिकाणी पाठवलं होतं, आणि एका पत्रात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं होतं. पुढचं सांगायला नको.

वेटलिस्ट: आशा ठेवा, भरवसा नको

वेटलिस्टवर नाव आलं की पोर्टलवर 'होय, मला यादीत राहायचंय' असं कळवावं लागतं. न कळवल्यास नाव आपोआप जातं. बहुतेक ठिकाणी या यादीला क्रमांक नसतात. ज्या शाखेत जागा उरेल, त्याप्रमाणे माणसं उचलतात.

आशा किती ठेवायची, हे आकड्यांवरून ठरवा. बहुतेक अमेरिकी कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाची माहितीपत्रिका दरवर्षी प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावासह ती शोधा आणि सी-2 हा विभाग उघडा. तिथे तीन आकडे असतात: किती जणांना वेटलिस्टवर ठेवलं, किती जणांनी होकार दिला, आणि अखेर किती जणांना घेतलं. मागची तीन-चार वर्षं बघा. एखाद्या वर्षी शेकडो घेतलेले दिसतात, दुसऱ्या वर्षी शून्य. हे बघून बरेच जण स्वतःहूनच शांत होतात. त्याच पत्रिकेत सी-7 विभागात अर्जदाराने दाखवलेल्या रसाला ते कॉलेज महत्त्व देतं की नाही, हेही लिहिलेलं असतं. देत नसेल तर तुमचं पत्र छोटं असलं तरी चालेल.

दरम्यान, दुसऱ्या ठिकाणी मिळालेली जागा अनामत भरून पक्की करा. वेटलिस्टची हालचाल मुख्यतः मे-जूनमध्ये होते, आणि बोलावणं आलं की उत्तराला दोन-चार दिवसच मिळतात. तेव्हा मदत मिळेलच असं नाही, आणि व्हिसासाठी हातात आठवडे कमी उरतात. 'आलं तर जाणार का' हे घरी आधीच बोलून ठेवा.

1 मे, आणि त्यानंतर

नेहमीच्या फेरीतल्या प्रवेशाला उत्तर द्यायची रूढ मुदत 1 मे. 2020 मध्ये साथीमुळे आणि 2024 मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्थिक मदतीच्या अर्जातल्या गोंधळामुळे अनेक कॉलेजांनी ती पुढे ढकलली होती, त्यामुळे पत्रातली तारीख खरी धरा. एकाच ठिकाणी अनामत भरायची. परदेशातून पैसे पोचायला तीन-चार दिवस लागू शकतात, कार्ड ऐन वेळी नाकारलं जाऊ शकतं, तेव्हा 25 एप्रिलच्या आसपास उरकून टाका.

नाही म्हणायचंय त्या कॉलेजांना त्याच दिवशी पोर्टलवर नकार कळवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तिथल्या वेटलिस्टवर तुमच्यासारखंच कुणीतरी पोर्टल उघडून बसलेलं असतं.

मग क्रम असा: पैशांचे कागद आणि पासपोर्टची प्रत कॉलेजला, तिथून आय-ट्वेंटी, त्यावरच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) क्रमांकाने 350 डॉलरचं सेव्हिस शुल्क, डीएस-160 हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, व्हिसाच्या मुलाखतीची वेळ. आय-ट्वेंटीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. चूक असेल तर व्हिसाचं काही भरायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या 30 दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, विमानाचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

एक काम राहतं. बोर्डाचा निकाल मेमध्ये लागतो, पण छापील गुणपत्रक हातात यायला आणखी काही दिवस जातात. अंतिम गुणपत्रक कॉलेजला शाळेकडून जायला हवं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाची त्यासाठीची मुदत 1 जुलै आहे. तोवर आमच्यासारख्यांची उन्हाळ्याची सुट्टी चालू असते, ऑफिसात एकच कारकून असतो आणि शिक्का कपाटात बंद असतो. म्हणून सुट्टीआधीच विचारून ठेवा की कोण असेल आणि कोणत्या दिवशी. गुणपत्रक गेलं की पुन्हा पोर्टल उघडा आणि खूण हिरवी झाली का, ते बघा. या कागदावरही आडनाव आधी छापलेलं असणार आहे.